उसन्या नावांनी लिहिलेले भविष्य

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचा इतिहास सांगायचा म्हटले की नावांची एक ठरलेली यादी समोर येते. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, आयझॅक असिमॉव्ह, आर्थर सी. क्लार्क, टॉल्किन, आणि मराठीकडे वळलो की जयंत नारळीकर. ही यादी चुकीची नाही. पण ती वाचताना एक गोष्ट नजरेआड राहते. या साहित्याची पायाभरणी करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपले खरे नाव छापू दिले नव्हते. कोणी निनावी लिहिले, कोणी आद्याक्षरांच्या आड राहिले, एका बाईने पुरुषाचे नाव घेतले, एका पुरुषाने बायकोचे. कोणाला नोकरी सांभाळायची होती, कोणाला जीव. प्रस्तुत पुस्तकात अशा लेखकांची ओळख करून दिली आहे.

टोपणनाव मराठी वाचकाला नवे नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या, विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने. ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी देणारे द्वारकानाथ माधव पितळे ‘नाथमाधव’ म्हणूनच घरोघर पोचले. कुसुमाग्रज म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आपल्याकडची ही नावे उघडपणे मिरवण्यासाठी घेतलेली आहेत. त्यांच्यामागे कोण आहे हे लपवण्याचा हेतू क्वचितच असतो. या पुस्तकातली नावे निराळी आहेत. ती लपण्यासाठी घेतलेली आहेत, आणि लपण्यामागे प्रत्येक वेळी एक ठोस कारण आहे. ती कारणे एकत्र ठेवून पाहिली की उद्याच्या जगाची कल्पना करण्याचा अधिकार कोणत्या काळात कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे स्पष्ट दिसू लागते. या पुस्तकाचा खरा विषय तोच आहे.

सुरुवात अर्थातच मेरी शेलीपासून. १ जानेवारी १८१८ रोजी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. प्रती छापल्या होत्या ५००. शीर्षकपानावर लेखकाचे नाव नव्हते. अर्पणपत्रिका विल्यम गॉडविन या विचारवंताच्या नावे होती. प्रस्तावना कवी पर्सी शेलीने लिहिली होती, आणि तीही लेखक स्वतःच बोलतो आहे अशा थाटात. एवढ्या खुणांवरून लोकांनी तर्क बांधला. सर वॉल्टर स्कॉट यांनी ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात या कादंबरीची मनापासून प्रशंसा केली, पण ती पर्सी शेलीची आहे असे धरून. प्रत्यक्षात लेखिका होती गॉडविनची मुलगी आणि शेलीची पत्नी मेरी. १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हा सरोवराच्या काठी तिने ही कथा लिहायला घेतली तेव्हा ती १८ वर्षांची होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याचा परिणाम म्हणून युरोपात त्या साली उन्हाळा असा आलाच नाही. पावसाने घरात कोंडून ठेवलेल्या मित्रमंडळींना कवी बायरनने सुचवले की प्रत्येकाने एक भयकथा लिहावी. त्या सुचवणीतून विज्ञानकथेचा आद्य ग्रंथ जन्माला आला.

लंडनच्या आवृत्तीवर मेरीचे नाव आले ते १८२३ साली, दुसऱ्या आवृत्तीत. त्याच उन्हाळ्यात या कादंबरीवरचे नाटक लंडनच्या रंगभूमीवर गाजत होते आणि पर्सीला जाऊन एक वर्ष झाले होते. कादंबरीत वैज्ञानिकाने घडवलेल्या जीवाला लेखिकेने नाव दिलेले नाही. लोकांनी त्याला त्याच्या निर्मात्याचेच नाव चिकटवले, आणि आजही ते तसेच चिकटून आहे. पुस्तकालाही लेखिकेचे नाव नव्हते. लोकांनी तिच्या नवऱ्याचे लावून टाकले. नावाची जागा रिकामी असली की वाचक ती आपल्या समजुतीतून भरतो. पुढच्या दोनशे वर्षांत ही गोष्ट पुन:पुन्हा घडत आली आहे.

इथे वाचकाला एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. विज्ञानकथेच्या इतिहासात असे सर्रास म्हटले जाते की स्त्रियांना पुरुषी नाव घेतल्यावाचून कोणी छापतच नसे. हे विधान सोपे आहे, म्हणून ते रुजले. पण ते अर्धेच खरे आहे. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. पुढच्याच वर्षी त्याने घेतलेल्या कथास्पर्धेत क्लेअर विंगर हॅरिस या लेखिकेला तिसरे बक्षीस मिळाले, आणि ती स्वतःच्या नावाने या मासिकांत लिहीत राहिली. कथा छापताना गर्न्सबॅकने शेरा मारला की स्त्रिया सहसा चांगल्या विज्ञानकथा लिहीत नाहीत. शेरा मारला, पण कथा छापली. अभ्यासक एरिक लीफ डेव्हिन यांनी १९२६ ते १९६५ या काळातली अमेरिकन मासिके चाळून दाखवून दिले की त्यांत २०० हून अधिक स्त्रिया लिहीत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी आपले नाव लपवले नव्हते. मग प्रश्न असा उरतो की त्या गेल्या कुठे? त्यांना मासिकांतून कोणी हाकलले नाही. नंतर आलेल्या संग्रहांतून, इतिहासांतून आणि याद्यांतून त्या गळल्या. स्वतःच्या नावाने लिहूनही माणूस निनावी होऊ शकतो, हे या प्रकरणाचे सार.

कॅथरीन लुसिल मूर हिचे उदाहरण घ्या. इंडियानापोलिसच्या एका बँकेत ती सेक्रेटरी होती. नोव्हेंबर १९३३ च्या ‘वियर्ड टेल्स’ मासिकात ‘सी. एल. मूर’ या नावाने तिची ‘शँब्लो’ ही कथा आली आणि ती रातोरात प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिने जिरेल ही तलवार चालवणारी नायिका उभी केली. त्या काळच्या अद्भुतकथांत अशा नायिका जवळजवळ नव्हत्याच. आद्याक्षरे वापरण्याचे कारण ती बाई होती हे नव्हते. ती मंदीची वर्षे होती. बाहेरून दुसरी कमाई होते हे बँकेला कळले तर नोकरीवर गदा येईल, ही तिची भीती होती. पण आद्याक्षरांनी आपले काम केलेच. हेन्री कटनर या तरुण लेखकाने तिला चाहता म्हणून पत्र लिहिले ते ‘मिस्टर मूर’ यांना. पुढे १९४० साली दोघांचे लग्न झाले. त्यानंतर त्यांनी ‘लुईस पॅजेट’, ‘लॉरेन्स ओडोनेल’ अशा कितीतरी नावांनी मिळून लिहिले. एकाने टंकलेखनयंत्रावरून उठावे आणि दुसऱ्याने बसून पुढचे वाक्य लिहावे, असा त्यांचा संसार होता. कोणता परिच्छेद कोणाचा हे पुढे त्यांनाही खात्रीने सांगता येत नसे. नवरा-बायकोच्या इतक्या बरोबरीच्या लेखनाचे दुसरे उदाहरण या साहित्यात शोधावे लागेल. समीक्षकांनी मात्र या जोडलेखनाचे श्रेय दीर्घकाळ एकट्या कटनरच्या खात्यावर मांडले.

बाजारापोटी घेतलेली नावे वेगळी. क्लीव्हलंडच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या अॅलिस मेरी नॉर्टन हिने १९३४ साली कायदेशीररीत्या नाव बदलून ‘आंद्रे’ केले, कारण तिच्या साहसकथांचे वाचक मुलगे असणार होते. अमेरिकन विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचा ‘ग्रँड मास्टर’ हा सर्वोच्च सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री. अर्सुला ले ग्विन हिने आयुष्यभर स्वतःच्या नावाने लिहिले, अपवाद एकच. १९६९ साली ‘प्लेबॉय’ मासिकाने तिची ‘नाइन लाइव्ह्ज’ ही कथा घेतली ती ‘यू. के. ले ग्विन’ या नावाने. आणि १९९७ साली, जग इतके बदलल्यावरही, हॅरी पॉटरच्या प्रकाशकाने लेखिकेला आद्याक्षरे वापरायला सांगितले, कारण बाईचे नाव पाहून मुलगे पुस्तक हाती घेणार नाहीत अशी त्यांना शंका होती. जोअॅन रोलिंगला मधले नावच नव्हते. तिने आजीचे ‘कॅथलीन’ घेतले आणि ती जे. के. झाली. आंद्रे नॉर्टनपासून तिथवर ६३ वर्षे गेली होती.

पुरुषांनी घेतलेल्या नावांतली बरीच व्यवहाराची आहेत, त्यांच्यावर फार थांबण्याची गरज नाही. एका अंकात एकाच लेखकाच्या दोन कथा नकोत म्हणून रॉबर्ट हाइनलाइन ‘अॅन्सन मॅकडोनाल्ड’ होत असे. असिमॉव्हने मुलांसाठीची लकी स्टारची पुस्तके ‘पॉल फ्रेंच’ या नावाने लिहिली, कारण त्यांची दूरचित्रवाणी मालिका होईल आणि ती वाईट निघेल अशी त्याला धास्ती होती. जॉन कॅम्बेल अंतराळयुद्धांच्या धडाकेबाज कथा स्वतःच्या नावाने लिहीत असे आणि उदास, चिंतनशील कथा ‘डॉन ए. स्टुअर्ट’ या नावाने. हे नाव त्याने पत्नी डोना स्टुअर्ट हिच्याकडून घेतले. लोकांना आपला एक चेहरा सवयीचा झाला की दुसरा दाखवायला दुसरे नाव लागते, एवढे त्यातून घ्यावे.

आता या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण. मार्च १९६८ च्या ‘अॅनालॉग’ मासिकात ‘जेम्स टिप्ट्री ज्युनिअर’ या नव्या लेखकाची पहिली कथा आली. पुढच्या आठ-नऊ वर्षांत या माणसाने अमेरिकन विज्ञानकथा हलवून सोडली. विज्ञानकथेतले मानाचे पुरस्कार, ह्यूगो आणि नेब्युला, मिळाले. पण लेखकाला कोणी पाहिलेले नव्हते. तो फोनवर येत नसे, संमेलनांना जात नसे, पारितोषिक घ्यायला येत नसे. पत्रव्यवहार व्हर्जिनियातल्या मॅक्लीन गावच्या एका टपालपेटीवरून चाले. पत्रे मात्र मनमोकळी, जिव्हाळ्याची, आणि माहिती खरी: लहानपणी आफ्रिका पाहिलेली, युद्धकाळात लष्करात काम, नंतर गुप्तचर खात्याशी संबंध. लोकांनी चित्र रंगवले: कोणीतरी शिकार, सैन्य आणि हेरगिरी केलेला रांगडा गृहस्थ. १९७५ साली टिप्ट्रीचा ‘वॉर्म वर्ल्ड्स अँड अदरवाइज’ हा संग्रह आला. त्याच्या प्रस्तावनेत रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने, टिप्ट्री ही बाई असावी ही अफवा खोडून काढली. या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे, असे त्याने ठामपणे लिहिले.

१९७६ च्या अखेरीस टिप्ट्रीने पत्रमित्रांना आपली आई शिकागोत वारल्याचे कळवले. आई लेखिका होती, प्रवासी होती, हे पूर्वी पत्रांतून आलेलेच होते. मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली हिचा मृत्युलेख वर्तमानपत्रात सापडायला वेळ लागला नाही, आणि त्यात वारस म्हणून एकच मुलगी नोंदलेली होती: अॅलिस शेल्डन. वय ६१. युद्धकाळात हवाई छायाचित्रांचे विश्लेषण करणारी अधिकारी, पुढे सीआयएमध्ये, नंतर प्रायोगिक मानसशास्त्रातली डॉक्टरेट. ‘टिप्ट्री’ हे नाव तिला दुकानातल्या मुरांब्याच्या बाटलीवर सापडले होते आणि ‘ज्युनिअर’ नवऱ्याने सुचवले होते. पत्रांतले सगळे खरे होते. फक्त लिहिणारी बाई होती.

या घटनेकडे गंमत म्हणून पाहणे सोपे आहे. मला त्यात एक प्रयोग दिसतो, तोही मानसशास्त्रज्ञ स्त्रीने केलेला. तिची १९७३ ची ‘द विमेन मेन डोन्ट सी’ ही कथा घ्या. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर विमान कोसळते. त्यातल्या मायलेकी, परग्रहावरचे जीव समोर येताच, त्यांच्याबरोबर निघून जाणे पत्करतात. पुरुषांच्या जगात राहण्यापेक्षा अनोळखी तारे त्यांना बरे वाटतात. कथा सांगतो एक पुरुष, आणि शेवटपर्यंत त्याला त्यांचे म्हणणे उमगत नाही. वाचकांनी वाखाणले की एका पुरुषाने बायकांचे मन किती अचूक ओळखले आहे! कथेतला निवेदक जे पाहू शकत नव्हता, तेच वाचकही पाहू शकत नव्हते. नाव उघड झाल्यावर सिल्व्हरबर्गने आपली चूक जाहीरपणे आणि उमदेपणाने मान्य केली. ले ग्विनला तर आनंदच झाला. तिने पुढच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. पण अॅलिस शेल्डनचे नुकसान झाले. टिप्ट्री गेल्यावर लिहिणे आपल्याला जड जाते असे तिला वाटत राहिले. त्या नावाने तिला जे स्वातंत्र्य दिले होते ते तिच्या खऱ्या नावाने कधीच दिले नाही. १९८७ साली, अंध झालेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या पतीला गोळी घालून तिने स्वतःचाही शेवट केला. आयुष्याच्या या अखेरीवर या पुस्तकात पडदा टाकलेला नाही, आणि तिचे भांडवलही केलेले नाही.

जिथे राजसत्तेची भीती आहे, तिथे टोपणनावाचा अर्थ आणखी गंभीर होतो. १९३७ साली लंडनमध्ये व्हिक्टर गोलान्झ यांनी ‘स्वस्तिका नाइट’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखक मरे कॉन्स्टंटाइन. हिटलरचा विजय होऊन सातशे वर्षे झाली आहेत, हिटलर देव झाला आहे, खरा इतिहास जाळला गेला आहे आणि स्त्रियांना केवळ प्रजननासाठी गोठ्यातल्या जनावरांसारखे कोंडून ठेवले आहे, असे त्यातले जग. ही कादंबरी दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीची आणि ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या बारा वर्षे आधीची आहे. फॅसिझमची मुळे पुरुषी अहंकारात आहेत असे इतक्या स्पष्टपणे मांडणारी पुस्तके त्या काळी विरळाच होती. मरे कॉन्स्टंटाइन म्हणजे कॅथरीन बर्डेकिन ही इंग्रज लेखिका. तिचे १९६३ मध्ये निधन झाले तेव्हा हे बाहेर कोणालाच माहीत नव्हते. अभ्यासक डॅफ्नी पटाई यांनी पिच्छा पुरवला, म्हणून १९८५ मध्ये ती कादंबरी लेखिकेच्या खऱ्या नावाने पुन्हा वाचकांसमोर आली.

मॉस्कोत आंद्रेई सिन्याव्स्की हा साहित्याचा अभ्यासक ‘अब्राम तेर्त्झ’ या नावाने अद्भुतकथा लिहून गुपचूप पॅरिसला पाठवत असे. त्याचा मित्र यूली दानिएल लिहीत असे ‘निकोलाय अर्झाक’ या नावाने. दानिएलच्या एका दीर्घकथेत मॉस्को रेडिओ जाहीर करतो की अमुक दिवशी नागरिकांना एकमेकांचा खून करण्याची मुभा आहे; आणि लोक ती घोषणा निमूटपणे ऐकून घेतात. तेर्त्झच्या ‘प्खेन्त्झ’ या कथेत परग्रहावरून येऊन अडकलेला एक वनस्पतीसारखा जीव मॉस्कोच्या सामाईक बिऱ्हाडात कुबडा माणूस म्हणून, खोट्या नावाने, अंग आवळून जगतो. स्वतः खोट्या नावाआड जगणाऱ्या माणसाने लिहिलेली ही कथा वाचताना अंगावर काटा येतो. सप्टेंबर १९६५ मध्ये दोघांना अटक झाली. फेब्रुवारी १९६६ मध्ये खटला चालला. पात्रांच्या तोंडची वाक्ये लेखकांविरुद्ध पुरावा म्हणून वाचली गेली. दोघांनीही गुन्हा कबूल केला नाही. सिन्याव्स्कीला सात वर्षांची आणि दानिएलला पाच वर्षांची शिक्षा झाली. सुटकेनंतर सिन्याव्स्की १९७३ साली फ्रान्सला गेला. तिथे लपण्याची गरज उरली नव्हती, तरी तो तेर्त्झ या नावाने लिहीत राहिला. ज्या नावासाठी तुरुंगवास भोगला ते टाकून देणे त्याला मानवले नसावे.

भारताकडे वळल्यावर या कहाणीला वेगळे वळण लागते. १८९६ साली कोलकात्यात ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने कथास्पर्धा घेतली. पहिले बक्षीस मिळालेली कथा निनावी होती. बंगालच्या उपसागरातले वादळ शहरावर येणार म्हणून सगळे हवालदिल झालेले असतात आणि ते अचानक नाहीसे होते. बोटीवरच्या एका प्रवाशाने समुद्रात केशतेलाची बाटली ओतलेली असते! पृष्ठताणाचे शास्त्र खेळकरपणे वापरणारी ही कथा जगदीशचंद्र बोस यांची होती. रेडिओलहरींवरच्या प्रयोगांनी त्यांचे नाव तेव्हा युरोपात पोचले होते. १९२१ साली ‘अव्यक्त’ या आपल्या पुस्तकात त्यांनी ती वाढवून, स्वतःच्या नावाने घेतली.

१९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा आली. त्यातल्या ‘लेडीलँड’मध्ये पुरुष पडद्यात आहेत, बायका राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि लोक हवेतून प्रवास करतात. लेखिका रोकेया सखावत हुसेन. पुस्तकावर मात्र ती होती ‘मिसेस आर. एस. हुसेन’. पुढे तिने मुलींसाठी शाळा काढली आणि ती आयुष्यभर चालवली. कथेतले जग तिने आपल्या हातून जमेल तेवढे कोलकात्यात उभे केले.

तमिळमध्ये उलट घडले. एस. रंगराजन हे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधले अभियंता. मतदान यंत्राच्या घडणीत त्यांचा हात होता. ते लिहू लागले तेव्हा रंगराजन नावाचे एक लेखक आधीच लिहीत होते. घोटाळा नको म्हणून त्यांनी पत्नीचे ‘सुजाता’ हे नाव घेतले आणि तमिळ विज्ञानकथा घराघरांत नेली. बाईचे नाव पाहून तमिळ वाचक मागे हटला नाही. युरोप-अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या भीतीला याहून सरळ उत्तर असू शकत नाही.

आणि १९७४. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव बनवले होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्याबरोबर केलेल्या संशोधनामुळे ते १९६४ पासून देशभर प्रसिद्ध होते आणि १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले होते. परीक्षकांवर या नावाचे दडपण येऊ नये, कथेला कथा म्हणून गुण मिळावेत, एवढाच त्यांचा उद्देश होता. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांनी पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली. ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक चार्ल्स लुटविज डॉजसन यांनीही आपली दोन नावे लॅटिनमध्ये नेऊन, उलटी फिरवून ‘लुईस कॅरल’ हे नाव तयार केले होते. त्यामागे खाजगीपणाची ओढ होती. नारळीकरांच्या नावामागे न्यायाची. स्पर्धेनंतर त्यांना त्या नावाची गरज उरली नाही. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके त्यांच्या स्वतःच्या नावाने आली. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर विज्ञानकथेला मान मिळाला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नारळीकर आणि शेल्डन यांची नावे जवळजवळ ठेवून पाहावीत. एकाने नाव लपवले ते मोठ्या नावाचा फायदा नको म्हणून. दुसरीने लपवले ते आपल्या नावाचा तोटा नको म्हणून. दोघांची मागणी मात्र एकच होती: आधी कथा वाचा. विज्ञानकथेने हा आग्रह धरावा हे स्वाभाविकच आहे. विज्ञानात विधान कोणी केले यापेक्षा ते तपासून खरे ठरते का, याला महत्त्व असते. विज्ञानाच्या आधाराने कल्पना लढवणाऱ्या साहित्यानेही तीच कसोटी स्वतःला लावून घ्यावी.

मग लेखकांची नावे शोधून काढण्याचा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की वाचणे आणि इतिहास लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. कथा वाचताना नाव बाजूला ठेवता आले पाहिजे. इतिहास लिहिताना मात्र ज्याचे श्रेय त्याला, त्याच्या खऱ्या नावाने, दिलेच पाहिजे. तसे केले नाही तर वॉल्टर स्कॉटची चूक आपण कायम करू, कटनरच्या खात्यावर मूरचे लेखन जमा होत राहील आणि बर्डेकिनच्या कादंबरीचे श्रेय अस्तित्वातच नसलेल्या एका पुरुषाला मिळत राहील. नावांचा हिशेब आजही मिटलेला नाही. १९९१ मध्ये सुरू झालेल्या टिप्ट्री पुरस्काराचे नाव, शेल्डनच्या पतीच्या मृत्यूबद्दल वाद होऊन, २०१९ मध्ये बदलले गेले. त्याच वर्षी जॉन कॅम्बेलच्या नावाच्या पुरस्काराचेही नाव, त्याच्या वंशवादी मतांमुळे, बदलण्यात आले. कोणाचे नाव मिरवायचे हे प्रत्येक पिढी नव्याने ठरवते. ते ठरवायला तिच्यापुढे पुरी माहिती असली पाहिजे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडेसे. लेखकांचा क्रम कालानुसार न ठेवता कारणांनुसार ठेवला आहे: नोकरी, बाजार, लिंगभेद, राजसत्ता आणि शेवटी न्याय. प्रत्येक लेखात चरित्राइतकीच जागा लेखनाला दिली आहे, कारण नाव लपवण्याचा किस्सा कथेहून मोठा झाला तर लेखकावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. ज्या टोपणनावांमागची माणसे निश्चित ठरलेली नाहीत, त्यांच्याबद्दल तर्क लढवलेले नाहीत.

वाचकांना एकच विनंती आहे. या लेखांतली माहिती वाचून थांबू नका. मूळ कथा मिळवून वाचा. आणि मराठीपुरते एक काम आपल्या सर्वांचे आहे. ‘किर्लोस्कर’, ‘नवल’, ‘मोहिनी’ आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक यांत टोपणनावांनी आलेल्या अद्भुतकथा आणि विज्ञानकथा ग्रंथालयांच्या कपाटांत पडून आहेत. त्या कोणी लिहिल्या हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. तुमच्या घरात, ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांना विचारा आणि ते सांगतील ते नाव, अंक आणि साल यांसह लिहून ठेवा.